पाहुण्यांचा गोलकी

नेस्टर पावलुक अठरा वर्षं पगारी गोलकी होता आणि या अठरा वर्षांत आपल्या गावाकडून तो एकही सामना खेळला नव्हता. एकूण तेरा सामने खेळला, आणि तेराही गावाच्या विरुद्ध.

यावरून कुणाला तो फितूर वाटेल, पण तसं काही नव्हतं. त्या काळी बर्फावरच्या हॉकीत एका संघाजवळ एकच गोलरक्षक असे. दुसरा सांभाळणं म्हणजे तोंडाला आणखी एक घास आणि आगगाडीत आणखी एक बाक. पाहुण्या संघाचा गोलकी जायबंदी झाला तर यजमान गावाने आपल्याकडचा राखीव माणूस त्यांना द्यायचा, असा लीगचा नियमच होता. टॅमरॅक गावाचा तो राखीव माणूस म्हणजे नेस्टर. आठवडाभर तो गरम पाण्याचं पिंप घसरगाडीवरून ओढत रिंकचा बर्फ करायचा, सरावाला जाळीपुढे उभा राहून आपल्याच खेळाडूंचा मार खायचा, आणि सामन्याच्या दिवशी पायाला पॅड बांधून, वर ओव्हरकोट चढवून शेगडीजवळच्या बाकावर बसायचा. कुणाचं तरी काहीतरी मोडायची वाट बघत.

आता, टॅमरॅकच्या स्वतःच्या गोलकीला काही झालं असतं तर नेस्टरलाच गावाचा हिरवा स्वेटर मिळाला असता. पण टॅमरॅकचा गोलकी ह्यू मॅकस्वेन होता, आणि ह्यूला काही होत नसे. खेळातली कडक रबरी चकती ह्यूच्या कपाळावर आदळली तर टाके चकतीला घालावे लागतात, असं गावात म्हणत. एकदा मार्चच्या धुक्यात तो रूळ ओलांडत होता आणि मालगाडी येऊन त्याला धडकली. गाडी तीन तास उशिरा पुढे गेली, आणि ह्यू जेवायला वेळेवर पोचला. हे खोटं वाटत असेल त्याने टॅमरॅकच्या स्टेशनात जाऊन मार्चमधल्या त्या गाडीची वेळ बघावी.

तेव्हा नेस्टरने अठरा वर्षांत लाल घातला, निळा घातला, काळा-पांढरा पट्ट्यांचा घातला. प्रत्येक पाहुण्या संघाचा घामट, ओला, परका स्वेटर घातला आणि सामना संपल्यावर उतरवून परत दिला. तेरापैकी सहा सामने त्याने त्या परक्यांना जिंकून दिले. असा सामना झाला की कसाई त्याला आठवडाभर नुसती हाडं द्यायचा आणि न्हावी अर्धी दाढी करून जेवायला उठायचा. दुसऱ्या आठवड्यात सगळे विसरायचे. विसरायची नाही ती फक्त ऑगस्टा मावशी. ही पोस्ट सांभाळणारी विधवा बाई तिसऱ्या रांगेत बसायची, मांडीवर विणकाम, आणि आवाज असा की पलीकडच्या तालुक्यातली गुरं मान वर करायची.

"ए घरभेद्या! मीठ कुणाचं खातोस रे?"

नेस्टर खांबाला काठी टेकवून पुढच्या फटक्याची वाट बघायचा.

हिरवा स्वेटर मात्र रोज त्याच्या हाताखालून जायचा. गोलकीचा हिरवा स्वेटर क्लबजवळ एकच होता, ह्यूच्या मापाचा, छातीवर पांढरं झाड आणि पाठीवर एक नंबर. सामन्यानंतर तो बॉयलरवर वाळत घालायचं काम नेस्टरचं. अठरा वर्षांत त्याने तो हजार वेळा झटकला असेल, उलटा केला असेल, सुलटा केला असेल. पण कधी अंगात घालून बघितला नाही. आसपास कुणी नसतानाही नाही. मिळाल्याशिवाय घातला तर तो चोरून घातल्यासारखा होईल, असं त्याचं म्हणणं. हे त्याने फक्त बायकोला सांगितलं होतं, तेही एकदाच, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. पराशा ऐकून गप्प बसली होती. पराशा गप्प बसली की समजावं, गोष्ट तिने कुठेतरी नीट घडी घालून ठेवली आहे.

त्या हिवाळ्यात लीगचं पत्र आलं. पुढल्या मोसमापासून प्रत्येक संघाने दोन-दोन गोलकी बरोबर आणायचे, उसना माणूस बंद. क्लबने शहरातला एक वीस वर्षांचा मुलगा ठरवूनही टाकला. नेस्टरने बर्फ करत राहावा, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. फक्त पॅड आता घरी न्यावेत.

म्हणजे उरला एक सामना. मार्चमधला शेवटचा शनिवार, दुपारी दोन वाजता, ग्रेलिंग फॉल्सच्या विरुद्ध. गुणांमध्ये ग्रेलिंग फॉल्स एका गुणाने पुढे होतं. टॅमरॅक जिंकलं तर चषक गावात राहणार, बरोबरी झाली तरी चषक पाहुण्यांच्या गाडीत बसून जाणार.

सकाळी नेस्टर कोट शोधत स्वयंपाकघरात आला तर पराशा कोपरापर्यंत पिठात होती. रिंकवर मधल्या सुट्टीत चर्चच्या बायका पिरोह्या, म्हणजे मैद्याच्या करंज्या, विकायच्या. आत आंबवलेली कोबी, उकडलेल्या, वर लोण्यात परतलेला कांदा आणि घट्ट आंबट साय. त्यात पराशाच्या हातच्या पिरोह्यांसाठी खेळाडू स्केट न काढता रांग लावत.

"एवढ्या?" नेस्टरने परातींकडे बघून विचारलं.

"आज गर्दी आहे."

"अख्खं ग्रेलिंग फॉल्स जेवायला येणार आहे का?"

"तू तुझा बर्फ बघ," पराशा म्हणाली. "माझं पीठ मी बघते."

पहिलं सत्र एक-एक असं संपलं. सुट्टीत नेस्टर बर्फ पुसायला गेला, त्यामुळे बाहेर टेबलापाशी काय चाललं होतं ते त्याला दिसलं नाही. दुसऱ्या सत्रात दोन्हीकडून आणखी एकेक गोल झाला, दोन-दोन. ह्यू आज जरा जड हलतोय, एवढं त्याच्या ध्यानात आलं. चकती आली की ह्यू वाकत नव्हता, नुसता तिच्या वाटेत उभा राहत होता. पण ह्यूसारख्या माणसाला वाटेत उभं राहणंही पुरे होतं.

आणि बाराव्या मिनिटाला व्हायचं ते झालं. ग्रेलिंग फॉल्सचा पोरसवदा गोलकी चकतीवर झेपावला आणि त्याच्या हातावरून कुणाचा तरी स्केट गेला. टॅमरॅकचा डॉक्टर एरवी घोड्यांवर उपचार करायचा. त्याने हात उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "घोडा असता तर पुढचं सांगितलं नसतं. माणूस आहे, बरा होईल. पण आज नाही."

सगळी रिंक शेगडीकडे वळली.

"ऊठ, घरभेद्या!" ऑगस्टा मावशी सुया हलवत ओरडली. "आली तुझी वेळ! मोहरीचा रंग शोभतो तुला!"

नेस्टरने कोट काढला. ग्रेलिंग फॉल्सचा पिवळा स्वेटर अजून त्या पोराच्या अंगच्या उबेने कोमट होता. तो घालताना त्याने एकदा समोर ह्यूकडे बघितलं. हिरवा स्वेटर, पांढरं झाड. मग तो बर्फावर उतरला, दोन्ही खांबांना काठी लावून बघितली, आणि उरलेली आठ मिनिटं टॅमरॅकच्या पोरांनी मारलेलं सगळं अडवलं. अवघड असं काही नव्हतं. रोज सकाळी तो त्यांचाच मार खायचा. कोण डोळे मिचकावून मारतो, कोण मारायच्या आधी जीभ बाहेर काढतो, त्याला सगळं पाठ होतं.

भोंगा झाला. खेळाडू आत निघाले. ह्यू मात्र जाळीच्या वरच्या दांडीला धरून उभाच राहिला. मग तो दोन पावलं आला आणि जिन्याच्या पायरीवर असा बसला की पायरी तडकली. तिथून त्याला आत न्यायला सहा जण लागले.

नेस्टर पिवळ्या स्वेटरमध्येच धावत गेला. ह्यू बाकावर आडवा, तोंडाचा रंग स्वेटरसारखाच हिरवा. उशाशी पराशा, हातात वाढायचा डाव तसाच.

"काय खाल्लं याने?" नेस्टरने विचारलं.

"पिरोह्या."

"किती?"

पराशाने छताकडे बघितलं. "एकोणसाठ."

"एको...! एरवी किती खातो?"

"पंधरा."

"मग?"

"मी वाढत गेले. तो नको म्हणेना."

"साठावी घेणार होतो," ह्यू डोळे मिटून म्हणाला. "भोंगा झाला."

नेस्टरने पराशाला दंडाला धरून बाजूला नेलं. "पराशा, खरं सांग."

"काय खरं? शेवटचा सामना होता," ती हळू आवाजात म्हणाली. "मालगाडीने त्याला काही होत नाही, चकतीने होत नाही. म्हटलं, कोबीने तरी होतंय का बघू. एक दिवस, एकच दिवस तुला तो हिरवा..."

"आणि माझ्या अंगावर काय आहे?"

तिने त्या पिवळ्या स्वेटरकडे बघितलं आणि डाव कपाळावर मारून घेतला. "त्या मेल्याचा हात आजच कापायचा होता, हे मला काय स्वप्न पडलं होतं?"

इतक्यात टॅमरॅकचा प्रशिक्षक लाँगहर्स्ट आला. दाराएवढा रुंद, तोंडात कायम विझलेला पाइप. मागे पंच ग्विन आणि ग्रेलिंग फॉल्सचा कप्तान ओव्हिला. लाँगहर्स्टने ह्यूच्या अंगातून स्वेटर सोलून काढला होता, तो त्याने नेस्टरपुढे धरला.

"उतरव ते पिवळं. हे घाल. चल, पटकन."

अठरा वर्षांनी तो स्वेटर असा समोर आला होता. बॉयलरवरून काढायला नाही, अंगात घालायला. नेस्टरचे हात आपोआप पुढे झाले. लोकर ओळखीची होती. डाव्या कोपराला रफू केलेली जागा, गळ्याशी उसवलेला टाका, सगळं त्याच्या बोटांना माहीत होतं.

"आणि यांच्या जाळीत कोण उभं राहणार?" त्याने विचारलं.

"ते त्यांनी बघावं. तुझा पगार कोण देतं?"

"टॅमरॅक."

"राहतोस कुठे?"

"टॅमरॅकमध्ये."

"मग आता काय मुहूर्त बघायचाय?"

नेस्टरने ओव्हिलाकडे बघितलं. पुढचे चार दात नसलेला हा उंच माणूस नेस्टरच्या अंगातल्या पिवळ्या स्वेटरकडे बघत होता. सहाशे मैलांवरून आलेला, साडेपाचच्या गाडीने परत जाणारा. मग नेस्टरने मागे पराशाकडे बघितलं. डाव तिने एप्रनखाली लपवला होता.

"नाही जमणार," तो म्हणाला आणि स्वेटर परत लाँगहर्स्टच्या हातात ठेवला. "मी यांच्या जाळीत उभा राहिलोय. अर्ध्यात निघून आलो तर मी गोलकी कसला? आणि ह्यूचं पोट..." तो थांबला. "ह्यूचं पोट माझ्या घरातल्या जेवणाने बिघडलंय. त्याचा फायदा मी कसा घेऊ?"

"अरे, गाव चषक घालवणार तुझ्यापायी!"

"तुम्ही कुणालाही उभं करा. मी माझ्या जागी आहे."

लाँगहर्स्टने पाइप दातांत असा दाबला की त्याचे दोन तुकडे झाले. पराशाने पदराने डोळे पुसावेत तसे एप्रनने पुसले, आणि पिठाचा एक पट्टा नाकावर उमटला.

ह्यू बाकावर कण्हत होता. मग ओव्हिलाने घसा खाकरला.

"लहानपणी आमच्या तळ्यावर एकच गोलकी असायचा," तो म्हणाला. "माझी थोरली बहीण. दुसरं कुणी उभं राहायला तयारच नसायचं."

"आमच्या तळ्यावर आंधळा इव्हान असायचा," पंच ग्विन म्हणाला. "तुम्ही कसं खेळायचात?"

"कसं म्हणजे? एक गोलकी, एक जाळी. दोघांनी त्याच जाळीवर मारायचं. चकती हिसकावली की आधी मधल्या रेषेपलीकडे न्यायची, मग परत यायचं."

"आम्ही पण तसंच."

सगळ्यांनी लाँगहर्स्टकडे बघितलं. तोही कुठल्यातरी तळ्यावरच मोठा झाला होता. तिथे दुसरी जागाच नव्हती मोठं व्हायला. तुटका पाइप खिशात घालत तो म्हणाला, "आमच्याकडे फादर उभे राहायचे. झग्यात चकती अडकायची."

"लीगच्या पुस्तकात हे बसतं का?" नेस्टरने विचारलं.

ग्विनने खिशातून पुस्तक काढलं, जिभेला बोट लावून पान उलटलं. "एका जाळीने खेळू नये, असं कुठे लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्याला सुचलं नसणार." त्याने पुस्तक परत ठेवलं. "राहिलं एक. असा गोलकी कुणाच्याच बाजूचा नाही. मग याने घालायचं काय?"

ओव्हिलाने लाँगहर्स्टच्या हातातला हिरवा स्वेटर घेतला आणि नेस्टरच्या खांद्यावर टाकला. "आमच्यासाठी तू तो घेतला नाहीस ना? आता घाल. आमची काही हरकत नाही. फक्त आमचं पिवळं परत दे, पुढल्या वर्षी लागेल."

तिसऱ्या सत्रासाठी नेस्टर बर्फावर आला तेव्हा रिंकमध्ये एवढी शांतता झाली की बॉयलरची उकळी ऐकू आली. ह्यूचा स्वेटर त्याच्या गुडघ्यांपर्यंत येत होता. बाह्या चार घड्या घालून वर केल्या होत्या. पांढरं झाड पोटावर आलं होतं. ऑगस्टा मावशीने तोंड उघडलं, हिरवा रंग बघितला, तोंड मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. या स्वेटरला शिवी देण्याची तिच्या तोंडाला सवयच नव्हती. शेवटी तिने विणकामाचे सहा टाके उसवले आणि परत घालायला लागली.

आणि मग वीस मिनिटं जे झालं, ते बघायला त्या दिवशी रिंकमध्ये अठराशे माणसं होती. आज विचाराल तर चार हजार भेटतील. दोन्ही संघ एकाच जाळीवर तुटून पडले. पिवळे मारून परत फिरले की हिरवे यायचे, हिरवे चुकले की पिवळे. चकतीला टेकायला जागा मिळेना. नेस्टरने ती पायाने अडवली, काठीने अडवली, छातीवर घेतली, एकदा पाठमोरा असताना स्केटच्या टाचेने अडवली. सातव्या मिनिटाला एक चकती बाहीच्या घडीत शिरली आणि सापडेना. ग्विनने नवी दिली. मग जुनी आपोआप बाहेर पडली, तर नेस्टरने दोन्ही अडवल्या. एकूण एकशे सव्वीस फटके, असं ग्विनने लिहून ठेवलं. पुढे त्याची पेन्सिल संपली.

नेस्टर आत शांत होता. एवढा की त्याचं त्यालाच नवल वाटलं. मार तर तोच होता, सकाळी सरावाला बसतो तसा. पण आज पहिल्यांदा ज्या बाजूने येतोय ती बाजू मोजायची नव्हती. येईल ते अडवायचं, एवढंच काम. लोकर गळ्याला टोचत होती. त्याला ती टोचू द्यावीशी वाटत होती.

शेवटचं मिनिट उरलं. टॅमरॅकचा डेल्बर्ट, गावातला सगळ्यात वेगवान पोरगा, चकती घेऊन मधली रेषा ओलांडून एकटाच सुटला. पुढे कुणी नाही. फक्त नेस्टर.

गाव उभं राहिलं. एक गोल, आणि चषक इथेच राहणार. हे डेल्बर्टला माहीत होतं, नेस्टरलाही माहीत होतं. "सोड रे नेस्टर, आपलाच आहे!" असं वरून कुणीतरी ओरडलं, अगदी मनापासून. एक क्षण नेस्टरला वाटलं, खरंच, आपलाच तर आहे. गुडघा एक इंच उशिरा वाकवला तरी कुणाला कळणार होतं? हिरव्या स्वेटरने हिरव्यांना जिंकून दिलं, यात कोण काय म्हणणार?

डेल्बर्टने जीभ बाहेर काढली. डाव्या कोपऱ्यातून. म्हणजे मार उजवीकडे, वर.

हात त्याचा तो गेला. चकती हातमोज्यात असा आवाज करून बसली, जसं कुणी जाडजूड पुस्तक मिटलं.

भोंगा झाला. दोन-दोन. चषक ग्रेलिंग फॉल्सचा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पिवळे आनंदाने ओरडायलाही जरा संकोचत होते. डेल्बर्ट बर्फाकडे बघत उभा. नेस्टर जाळीपुढेच थांबला, हातमोजा अजून वर, आणि आता उभ्या आयुष्यात आपल्याला हाडंच मिळणार, या विचारात. ओव्हिला आला, त्याच्या पॅडवर काठीने टकटक केलं.

"गाडीत एक जागा आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे पुढल्या वर्षी दोन गोलकी लागणार आहेत. थट्टा नाही करत. येतोस?"

आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला. पलीकडच्या तालुक्यातल्या गुरांनी मान वर केली असणार.

"ए बोळक्या! चषक न्यायचाय तर ने! गोलकीला हात लावलास तर या सुया बघितल्यास का? तो आमचा आहे!"

मग कुठेतरी एकाने टाळी वाजवली. बहुतेक कसाई असावा, कारण हात जड होते. आणि मग टाळ्यांनी छपरावरचा वर्षभराचा बर्फ खाली यायला लागला.

ओव्हिलाने सुयांकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि निघून गेला. साडेपाचची गाडी त्या दिवशी वेळेवर सुटली. रुळांवर ह्यू नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली तेव्हा नेस्टर चहा पीत होता. हिरवा स्वेटर अंगातच. रात्रभर त्याने तो काढला नव्हता, आणि पराशानेही काढ म्हटलं नव्हतं. खिडकीतून त्याने बघितलं. बाहेर ह्यू, दार झाकून उरलेला.

"न्यायला आला असेल," नेस्टर म्हणाला. स्वेटरच्या बाह्यांच्या घड्या तो एकेक करून सोडायला लागला. सावकाश, जेवढं सावकाश सोडता येईल तेवढं.

पराशाने दार उघडलं. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. "ह्यू, बाबा, पोट कसं आहे?"

"पोटाला काय झालंय?" ह्यू वाकून आत आला. टोपी हातात घेऊन तो स्वयंपाकघरभर बघायला लागला. मग त्याची नजर नेस्टरवर गेली, त्या लोंबणाऱ्या बाह्यांवर, पोटावरच्या पांढऱ्या झाडावर.

"क्लबला दुसरा विणायला सांगितलाय," तो म्हणाला. "ऑगस्टा मावशी विणतेय. हा राहू दे. आता तुझ्या मापाचा झालाय." आणि खुर्ची ओढून तो बसला. खुर्ची करकरली, पण टिकली.

नेस्टरने एक बाही पुन्हा वर दुमडली. ह्यूचं लक्ष मात्र पराशाकडे होतं.

"काकू," ह्यू म्हणाला, "काल भोंगा झाला, त्यामुळे ती साठावी राहिली होती."